तिसरीतला मुलगा अजून वाचत नाही, नक्की कशाने फरक पडतो?

झेडपीची_बाई

नमस्कार सगळ्यांना. मी सातारा जिल्ह्यात डोंगराकडच्या एका झेडपी शाळेत आहे, द्विशिक्षकी शाळा, पहिली ते तिसरी माझ्याकडे, मिळून २६ मुलं. प्रश्न एका मुलाबद्दल आहे, त्याला इथे सोन्या म्हणते.

सोन्या तिसरीत आहे. बोलायला एकदम चुणचुणीत, गोष्ट एकदा ऐकली की जशीच्या तशी सांगतो, वडलांबरोबर डेअरीला दूध घालायला जातो आणि लिटर, फॅट, रेट सगळा हिशोब तोंडी करतो. पण पुस्तक समोर आलं की पोट दुखायला लागतं. फळ्यावरचं बघून अगदी वळणदार अक्षरात उतरवून काढतो, आणि मग मी म्हटलं की आता हे वाच, तर स्वतः लिहिलेलं त्याला वाचता येत नाही. चित्र बघून अंदाजाने शब्द ठोकतो, म्हणजे बदकाचं चित्र असेल तर 'बदक', चित्र झाकलं की गप्प. घ आणि ध, म आणि भ सारखे उलटसुलट होतात. जोडाक्षर आलं की पुस्तकच मिटतो.

वर्षभर मी त्याच्याकडून बाराखडी लिहून घेतली, रोज. आता वाटतं की ते वर्ष त्याचं माझ्यामुळे वाया गेलं आणि हे मनातून जात नाही. शाळेत येणारे जाणारे सांगतात की गतिमंद आहे, ढकला पुढे. मला ते पटत नाही, फॅटचा हिशोब करणारा मुलगा गतिमंद कसा असेल.

त्यात परवा वडील विचारायला आले की तालुक्याला एका सेंटरवाल्याने रंगीत काचांचा चष्मा आणि मेंदूच्या व्यायामाचा कोर्स सांगितलाय, ९ हजार रुपये, घेऊ का बाई? मला उत्तर देता आलं नाही.

ट्रेनिंगला सांगतात की अशा मुलांना प्रेमाने समजून घ्या. प्रेम आहेच हो, पण उद्या सकाळी ११ वाजता मी त्याच्यापुढे बसून नेमकं काय करू? ज्याने मुलं खरंच वाचायला लागली असं कुणीतरी तपासून बघितलंय असं काही असेल आणि ते खडू पाटीवर करता येण्यासारखं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

रेमेडियल_मावशी

ताई, तुम्ही जे लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की निम्मं निदान त्यातच आहे. मी मुंबईत विशेष शिक्षिका आहे, बरीच वर्षं फक्त वाचनाच्या अडचणीच्या मुलांबरोबर काम करतेय, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते, सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी कान आणि डोळे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची डॉक्टरांची टीम शाळेत येते ना, त्यांना या मुलाचं नाव वेगळं काढून द्या आणि सांगा की नीट बघा, लांबचं दिसतं का आणि हळू आवाज ऐकू येतो का. सतत कान फुटणारी मुलं म, न, भ असे आवाज एकसारखेच ऐकतात आणि आपण वर्षभर डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचायला लिहायला अडणं) समजून बसतो.

चष्म्याबद्दल वडलांना स्पष्ट सांगा, घेऊ नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र पत्रक काढून सांगितलंय की रंगीत काचा किंवा डोळ्यांच्या व्यायामाने डिस्लेक्सिया सुधारतो याला पुरावा नाही. नंतर २०१४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी वाचनाच्या अडचणीवरचे २२ प्रयोग एकत्र तपासले, सगळे असे की मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले, त्यात रंगीत काचा होत्या, औषधं होती, ऐकण्याचे व्यायाम होते, आणि नुसतं भराभर वाचून घेणंसुद्धा होतं. वाचन आणि शुद्धलेखन दोन्हीत ठाम फरक दिसला तो एकाच गोष्टीने, अक्षर आणि आवाज यांचं नातं पायरीपायरीने उघड करून शिकवणं. बाकीच्यांचा तसा पुरावा निघाला नाही. ते ९ हजार म्हशीच्या पेंडीला राहू देत.

आता उद्या ११ वाजताचं.

सोन्याची अडचण बहुतेक अक्षराच्या चित्राची नाहीये, आवाजाची आहे. तो सुबक उतरवतो म्हणजे डोळा आणि हात ठीक आहेत. त्याला शब्दातले आवाज सुटे करता येत नाहीत. म्हणून पाटी बाजूला ठेवा आणि आधी ५ मिनिटं फक्त तोंडी. 'बदक' मधला ब काढला तर काय उरलं? दक. हे जमलं की त्याच्या पुढचं, 'कान' मधला क काढून तिथे प घाल, काय झालं? पान. हे त्याला अवघड जाईल बघा, इथेच गाठ आहे. चिंचोके घ्या, प्रत्येक आवाजाला एक चिंचोका पुढे सरकवायचा, क्, आ, न्, तीन चिंचोके.

मग ५ ते ७ मिनिटं अक्षरं, पण क ख ग घ या क्रमाने नाही. ज्यांचे शब्द पटकन बनतात ती आधी, र, म, न, क, प, त, ल, आणि लगेच काना. चार अक्षरं आणि काना आला की मूल काम, पान, मान खरंखुरं वाचतं आणि त्याच्या चेहऱ्यावर ते दिसतं. घ आणि ध एका आठवड्यात आणू नका. घ पक्का होऊ द्या, दोनतीन आठवडे गेल्यावर ध. आपण शेजारीशेजारी ठेवून "बघ फरक बघ" म्हणतो ना, त्यानेच गोंधळ पक्का होतो असा माझा अनुभव.

त्यानंतर शब्दांची साखळी, एका वेळी एकच आवाज बदलायचा. माळ, काळ, काठ, पाठ, पाट, वाट, वीट, नीट. तो पाटीवर एकच अक्षर पुसून दुसरं लिहितो आणि वाचतो. इथे अंदाज चालत नाही कारण चित्र नाही, त्याला आवाज जोडावेच लागतात.

शेवटची ५ मिनिटं ओळी वाचायच्या, फक्त शिकवून झालेल्या अक्षरांच्याच. हे फार महत्त्वाचं आहे. पुस्तकातला धडा त्याला आत्ता देऊ नका, कारण त्यात न शिकवलेली अक्षरं येणार आणि तो परत अंदाजावर जाणार. तुम्हीच चार ओळी लिहा, 'मामा आला. मामाला पाणी दे.' असल्या (पाणी ला वेलांटी आणि दे ला मात्रा लागते, त्या झाल्या असतील तरच घ्या).

आणि रोज. आठवड्यातून दोनदा एकेक तास बसवण्यापेक्षा रोज २० मिनिटं कितीतरी बरी.

आपल्या लिपीची एक खोड मात्र डोक्यात ठेवा, इंग्रजीवरून आलेल्या पुस्तकांत ती सापडत नाही. 'दिवस' मध्ये आवाज आधी द चा येतो पण कागदावर आधी वेलांटी दिसते. 'सूर्य' मध्ये र चा आवाज य च्या आधी, आणि रफार मात्र य च्या डोक्यावर. चक्र, ट्रक, सूर्य, दुसऱ्या, चार ठिकाणी र आणि चारही रूपं वेगळी. डावीकडून उजवीकडे इमानदारीने वाचणारं मूल इथे हमखास फसतं, त्याची चूक नसते. हे तोंडाने सांगायचं, "डोळ्याला वेलांटी आधी दिसते, तोंडाने द आधी म्हणायचा", आणि प्रत्येक रूप वेगळा धडा म्हणून शिकवायचं. आपल्या लिपीत काना मात्रा जोडाक्षरं धरून शेकडो चिन्हं होतात, कन्नडमध्ये याच धर्तीच्या अक्षरांवर जो अभ्यास झाला त्यात दिसलं की सर्वसाधारण मुलांनाही ती सगळी पक्की व्हायला पहिली दुसरीच्या पुढे वेळ लागतो. म्हणून दुसरीत एखादं मूल जोडाक्षराला अडलं तर लगेच शिक्का नको, पण तिसरीत साधे दोन अक्षरी शब्द येत नाहीत म्हणजे मदत आजपासूनच.

निगडीची_आई

बाईंनी चष्म्याचं विचारलं म्हणून लिहितेय. आम्ही घेतला होता. चष्मा, मग बोटांचे व्यायाम, मग "तुमचा मुलगा बघून शिकणारा आहे, ऐकून नाही" असं सांगणारी एक टेस्ट. दोन वर्षं आणि बरेच पैसे गेले, पण पैशाचं दुःख नाही, त्या दोन वर्षांत मुलाने ठरवून टाकलं की मी ढ आहे. ते पुसायला जास्त वेळ लागला. (ते बघून शिकणारे, ऐकून शिकणारे वगैरे जे आहे त्याचा २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी आढावा घेतला होता, तसा शिक्का मारून शिकवल्याने जास्त शिकतात याला पुरेसा पुरावा मिळाला नाही. मला हे फार उशिरा कळलं.)

आता तो नववीत आहे, हळू वाचतो पण वाचतो. फरक पडला तो एका रेमेडियल टीचरमुळे, वर मावशींनी लिहिलंय जवळपास तेच त्या करायच्या, आणि दुसरं म्हणजे डिस्लेक्सियाच्या सर्टिफिकेटमुळे. त्याबद्दल थोडं सांगते कारण गावाकडे हे कुणी सांगत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि त्यात अध्ययन अक्षमता आहे, डिस्लेक्सिया त्यातच येतो. त्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये लिहिलंय की शाळेने अशी मुलं लवकरात लवकर ओळखायची आणि शिकवण्याचे योग्य उपाय करायचे. म्हणजे हे कुणाचे उपकार नाहीत. कलम १७ मध्ये परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी आहेत. माझ्या मुलाला आता एका तासाला २० मिनिटं जादा मिळतात, पेपर पूर्ण होतो, एवढ्यावर त्याचं रडणं थांबलं.

सर्टिफिकेटसाठी २०१८ च्या सरकारी नियमात साधारण तिसरी किंवा ८ वर्षं पूर्ण असं धरलं होतं, सोन्या त्या वयात आलाच आहे. आधी कान डोळे तपासतात, मग आयक्यू, मग वाचन लेखनाची टेस्ट. तुमच्याकडे आधी सिव्हिल हॉस्पिटलला विचारा, पुण्यात ससून, मुंबईत सायनला हे काम होतं. वेळ लागतो, चकरा होतात, एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून घरच्यांना आधीच कल्पना द्या. पण बाई, सर्टिफिकेट येईपर्यंत थांबू नका. आम्ही थांबलो होतो.

कोल्हापुरी_मास्तर

मावशींचं सगळं पटलं, एकच सांगतो, ताईंकडे तीन वर्ग आणि २६ पोरं आहेत, एकट्या सोन्याला रोज २० मिनिटं द्यायची म्हटलं तर बाकीची पंचवीस कौलावर चढतील. माझ्याकडे हीच गत होती. मी काय केलं तर इयत्ता विसरलो आणि वाचनाच्या तासाला पोरांचे तीन गट पाडले, अक्षरवाले, शब्दवाले आणि गोष्टवाले, त्यात तिसरीचं पोरगं अक्षरगटात बसलं तरी त्याला काही वाटत नाही कारण गट दर महिन्याला बदलतात आणि गणिताला परत वेगळे गट असतात, तिथे तेच पोरगं वरच्या गटात असतं. सोन्याला गणितात वरच्या गटात बसवा ताई, दूध फॅटचा हिशोब त्याला सगळ्या वर्गापुढे करू द्या, ते त्याच्या वाचनालाही लागतं.

आणि हे माझं डोकं नाही. २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि बडोद्याच्या म्युनिसिपल शाळांत बालसखी म्हणून प्रयोग झाला, 'प्रथम' संस्थेचा. मागे पडलेल्या पोरांना रोज दोनएक तास वेगळं बसवून त्यांच्या पातळीवरचं शिकवायचं, शिकवणाऱ्या वस्तीतल्याच शिकलेल्या मुली. ते तपासणाऱ्यांत पुढे २०१९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजीत बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, आणि ज्या शाळांत बालसखी होती तिथली पोरं खरंच पुढे गेली, त्यातही जी सगळ्यात मागे होती ती जास्त. तो प्रयोग खास डिस्लेक्सियासाठी नव्हता हे मान्य, पण पातळीनुसार शिकवलं की तळातलं पोरगं हलतं हे त्यातून दिसतं.

बाकी दोन गट जोडीवाचनाला लावा. एक मोठं एक छोटं, मोठ्याने आधी वाचायचं, छोट्याने तीच ओळ परत, चुकलं तर मोठ्याने थांबवून बरोबर करून सांगायचं. आधी आठवडाभर ही पद्धत शिकवावी लागते, नुसतं जोडीने बसा म्हटलं तर गप्पा होतात.

झेडपीची_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री तिनदा वाचलं. चिंचोके आज करून बघितले. 'कान' मधला क काढून प घाल म्हटल्यावर तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, आणि मी चिंचोका हलवून दाखवल्यावर एकदम "पान!" म्हणून ओरडला.

दोन शंका. एक, खरंच सुधारतोय का हे कसं मोजू, कारण मला वाटणं आणि खरं असणं यात फरक असतो. दुसरी, आमच्या केंद्रात (आसपासच्या शाळांच्या गटात) विशेष शिक्षक महिन्यातून एकदा येतात, त्यांच्यावर बऱ्याच शाळा आहेत, ते म्हणाले की एखादी शिकलेली मुलगी मदतनीस म्हणून त्याच्या शेजारी दिवसभर बसवता आली तर बघा. गावातली एक बारावी झालेली मुलगी फुकट यायला तयार आहे. बसवू का?

रेमेडियल_मावशी

मोजायचं सोपं आहे. दर शुक्रवारी १ मिनिट. शिकवलेल्या अक्षरांचे ४० शब्द एका कागदावर, चित्र नाही, मोबाईलवर टायमर, मिनिटात बरोबर किती वाचले तो आकडा वहीत. शब्दांचा क्रम दर वेळी बदला नाहीतर पाठ होतो. तीन चार शुक्रवार आकडा हललाच नाही तर सोन्याला दोष न देता आपली पायरी बदलायची, बहुधा आपण फार भराभर पुढे गेलेलो असतो. शिकवलेल्या अक्षरांची ओळ वाचता यायला लागली की तीच ओळ तीनचारदा मोठ्याने वाचून घ्यायची, तुम्ही एकदा वाचून दाखवल्यावर. वेग त्याने येतो.

आणखी एक, राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये 'डाली' नावाचं साधन काढलं, भारतीय भाषांतल्या मुलांची डिस्लेक्सियासाठी तपासणी करायला, मराठीतही आहे. त्यात पहिली दुसरी आणि तिसरी ते पाचवी असे शिक्षकांनी भरायचे तक्ते आहेत. तुमच्या विशेष शिक्षकांना त्याबद्दल विचारा. त्याने निदान होत नाही, पण पुढे सिव्हिलला पाठवताना तुमच्या म्हणण्याला वजन येतं, आणि सोबत शुक्रवारचे आकडे जोडा.

लेस्टरवासी

मी मूळची नाशिकची, इथे इंग्लंडमध्ये शाळेत सहायक म्हणून काम करते, मदतनीसाचा प्रश्न बघितला म्हणून राहवलं नाही. ताई, दिवसभर शेजारी बसवू नका.

इथे आमच्यासारख्या सहायकांच्या कामावर मोठा अभ्यास झाला, २००९ मध्ये त्याचा अहवाल आला, आणि त्यात निघालं की ज्या मुलांना सहायकाचा आधार सगळ्यात जास्त मिळत होता त्यांची प्रगती तशाच बाकीच्या मुलांपेक्षा कमी झाली होती. मुलं जात्याच कच्ची होती म्हणून असं झालं का हेही त्यांनी बघितलं, तर फक्त तेवढंच कारण नव्हतं. सहायक शेजारी असली की शिक्षक त्या मुलाकडे कमी जातात, आणि सहायक घाईघाईत उत्तर सांगून मोकळी होते. मी स्वतः हे केलंय, मूल अडलं की बघवत नाही आणि तोंडातून शब्द निघून जातो. पण सहायकाला नेमकं शिकवून, ठरलेल्या वेळेत, ठरलेला पाठ घ्यायला दिला तर मात्र फायदा झालेला दिसतो.

म्हणून त्या मुलीला मावशींचा २० मिनिटांचा पाठ शिकवा, किंवा त्याहून बरं, तिला बाकीच्या मुलांचं जोडीवाचन बघायला सांगा आणि सोन्यासमोर तुम्ही स्वतः बसा. ज्याला सगळ्यात जास्त शिकवायची गरज आहे त्याच्यासमोर सगळ्यात अनुभवी माणूस हवा ना.

झेडपीची_बाई

सात आठवडे झाले, म्हणून परत लिहितेय.

कान डोळे तपासून झाले, दोन्ही ठीक. शेवटी ती मुलगी जोडीवाचन बघते, सोन्या माझ्याकडे, परिपाठ झाल्या झाल्या. मध्ये पाच दिवस यात्रेत गेले आणि दोन दिवस माझ्या मीटिंगमध्ये. शुक्रवारचे आकडे असे, ४, ४, ६, ५ (हा यात्रेनंतरचा), ९, ११, १४. चौथ्या आठवड्यात मी फार घाबरले होते, मावशींनी लिहिलं होतं म्हणून एक पायरी मागे आले, नुसता काना आणि आठच अक्षरं, आणि मग गाडी पुढे सरकली. अंदाज ठोकणं अजून आहे, विशेषतः दमला की. पण पोटदुखी दोन आठवडे झाली नाही. गेल्या सोमवारी त्याने डेअरीच्या पावतीवरचा 'दर' हा शब्द वाचला आणि ती पावती शाळेत घेऊन आला, मला दाखवायला. ती मी माझ्या हजेरीत ठेवली आहे.

वडलांनी चष्मा घेतला नाही. सिव्हिलची तारीख पुढच्या महिन्याची मिळाली आहे, मी बरोबर जाणार आहे.

आता वेलांटी पहिली आणि दुसरी दोन्ही एकदम घेऊ का, आणि जोडाक्षरं कधी सुरू करू?

रेमेडियल_मावशी

४ वरून १४, ताई, मला इथे बसून भरून आलं. यात्रेनंतरचा ५ सुद्धा तुम्ही लपवला नाहीत, म्हणूनच पायरी मागे घ्यायची बुद्धी झाली.

दोन्ही वेलांट्या एकदम नको. आधी दुसरी, कारण ती अक्षराच्या नंतर दिसते आणि नंतरच ऐकू येते, वीट, नीट, पाणी, काकी. ती दोन शुक्रवार टिकली की पहिली. दोन्हीतला उच्चाराचा फरक आपल्या बोलण्यात फारसा ऐकू येत नाही, त्यामुळे ऱ्हस्व दीर्घाचं लिहिताना चुकलं तर सध्या लाल पेन लावू नका, वाचतोय ना ते बघा. जोडाक्षरं काना, मात्रा, वेलांटी, उकार झाल्यावर, आणि सुरुवात डबल आवाजाच्या शब्दांनी करा, पक्का, अण्णा, दिल्ली, कारण तिथे आवाज तोच असतो, नुसता जोर येतो. र ची सगळी भावंडं सगळ्यात शेवटी. आणि सिव्हिलला जाताना ती डेअरीची पावती न्या बरोबर.